आईच्या डोळ्यातले थेंब

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भोपाळलाच करायचं, हा हट्ट माझा. नागपूरला भाऊ-वहिनी होते, पण मी फोनवर म्हटलं, "मी असताना वहिनीनं का करावं? तू ये." फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे सतत अंग दुखण्याच्या आणि थकव्याच्या आजाराचं, निदान झाल्यापासून सगळे माझंच करत आले होते. एकदा तरी मला कुणाचं करायचं होतं.

बरं वाटतं त्या दिवशीच जास्त जपायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ती येणार म्हणून मी बाग सेवनियाचं आमचं घर आवरलं, पडदे धुतले, रव्याचे लाडू वळले. तिला घ्यायला हबीबगंजलाही गेले. स्टेशनचं नाव बदललं तरी आमच्या तोंडी हबीबगंजच. मला पाहून आई म्हणाली, "चांगली दिसतेस की! मी उगाच काळजी करत होते."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवेना. अंग कुणी तुडवल्यासारखं, आणि डोकं असं ठणकत होतं की पडद्याच्या फटीतला उजेडही सोसवेना. नवरा ऑफिसला निघताना म्हणाला, "सुट्टी टाकू का?" मी नको म्हटलं. गोळी घेतली, कपाळावर ओला नॅपकिन ठेवला आणि जरा पडते म्हणून आईशेजारी आडवी झाले.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. आई शेजारी नव्हती. काळा चष्मा लावून ती ओट्याशी उभी होती, मऊ भात ढवळत. वाफेजवळ जायचं नाही, असं तिला सांगितलेलं. गाऊनचा गळा ओला होता.

"थेंब कुणी घातले?"

"मीच. अर्धे गालावर गेले."

"हाक नाही का मारायचीस?"

"मारली होती गं," ती म्हणाली. "मग वाटलं, झोपू दे."

पुढचे थेंब मी घालायला घेतले, तर बाटली दाबायला बोटांत जोर नव्हता. रडू आलं. तिनं माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि भाताचं ताट पुढे केलं. मी ते खाल्लं. भूक लागली होती.

नवऱ्यानं मग सुट्टी घेतली. तपासणीच्या दिवशी मी कशीबशी बरोबर गेले. डॉक्टरांनी विचारलं, "दवा टाइम पे डाली?"

"हाँ, बेटी ने सब किया," आई म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. मी मान खाली घातली. खरं सांगायचं धाडस झालं नाही. डोळा छान होता, हे नशीब.

परतताना गाडीत ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "दुसरा डोळा नागपूरलाच करते. वहिनीला सवडही आहे."

"बरं," मी म्हटलं. एकदाही आग्रह केला नाही. मला खरोखर हायसं वाटलं होतं, आणि ते तिला माझ्या आवाजात कळलं असणार.