मशीन म्हणालं, आजार परतणार

रक्ताच्या नमुन्यांना आम्ही नीट लेबलं लावून ठेवायचो. किस्से मात्र कुठेही पडलेले असायचे आणि चहाच्या वेळी आपोआप बाहेर यायचे.

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात आमची छोटी लॅब होती. घशाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात अशी प्रोटीनं शोधायची, की उपचारानंतर आजार कोणाचा परत येईल हे आधीच कळावं, असं ते काम. आमच्या मॅडम प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली.

*

शनिवार पेठेतले एक निवृत्त शिक्षक आले होते. आवाज पार बसलेला. मी अभ्यासासाठी रक्त मागितलं.

"याने मला काय फायदा?"

"खरं सांगू का सर, तुम्हाला बहुधा नाही. पुढे येणाऱ्या पेशंटना होईल."

"म्हणजे निवृत्तीनंतरही शिकवणी सुटत नाही," असं म्हणत त्यांनी बाही वर केली.

*

एका शेतकरी पेशंटचं वजन एकदम उतरलं. मॅडमनी त्यांच्या बायकोला विचारलं, "दुधात अंडं फेटून देत होतात ना?"

"बंद केलं. रक्तात प्रोटीन लई वाढलंय, असं तुमीच बोलत व्हता."

आम्ही आपसात बोललेलं त्यांनी बाहेरच्या बाकावरून ऐकलं होतं. मॅडम त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. आम्ही बघतो ते प्रोटीन वेगळं, खाण्याशी त्याचा संबंध नाही, अंडी आजपासूनच सुरू करा, असं शांतपणे समजावलं. बाई ऐकून घेत होत्या.

"मग त्याला दुसरं कायतरी नाव ठिवा की."

बरोबर होतं. तेव्हापासून पेशंटसमोर आम्ही 'खूण' म्हणायला लागलो. नवऱ्याचं वजनही हळूहळू वाढलं.

*

एकदा आमचा फ्रीझर बंद पडला. कोरड्या बर्फाच्या खोक्यात नमुने भरून मी स्वारगेटजवळच्या दुसऱ्या लॅबकडे रिक्षाने निघाले. खोक्यातून वाफा येत होत्या. रिक्षावाल्याने विचारलं, तेव्हा काय आहे ते सांगितलं.

त्यानंतर त्याने प्रत्येक खड्डा जपून घेतला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून वैतागला, तसं यानं मान बाहेर काढली.

"दिसत नाही का? आत पेशंट आहेत!"

आत मी आणि खोकं.

*

आयटीतला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. "मॅम, आजार परत यायचं फक्त पर्सेंटेज सांगा. प्लॅनिंग करता येईल."

मॅडम म्हणाल्या, "ही टेस्ट अजून कच्ची आहे. तिच्यावरून कोणालाच काही सांगत नाही."

मुलगा गाडी आणायला गेला. वडील घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पक्की झाली, की आधी मला सांगा. चांगलं असेल तर मी त्याला सांगेन."

*

बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलेलं. गळ्यावरच्या भोकातल्या व्हॉल्व्हवर बोट दाबून खरखरीत बोलायचे. अभ्यास संपल्यावर ते तपासणीला आले, काकू सोबत. काकांनी मॅडमना सरळ विचारलं, "माझं काय म्हणत होतं तुमचं मशीन?"

मॅडम म्हणाल्या, "वर्षभरात आजार परत येईल असं म्हणत होतं. तुमच्या बाबतीत ते चुकलं. तुम्हाला चार वर्षं झाली."

काकूंचा चेहरा उतरला. "हे मला आधी कळलं असतं तर..."

"तर काय केलं असतंत?" मॅडमनी विचारलं.

"यांच्याशी एकदाही भांडले नसते."

काकांनी गळ्यावर बोट ठेवलं.

"मग मी जगलो कशाला असतो?"