लासुर्ण्याचा बंब

आधीच सांगून टाकतो, मी हे सदर वाचतो ते टिंगल करण्यासाठी. कुणाला विहिरीवर बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागं कोण येऊन बसलं... असलं काही आलं की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याचं मलाच अवघडल्यासारखं होतंय. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी पणदऱ्याचा, बारामती तालुक्यातला. थोडा ऊस, दोन म्हशी आणि जुन्या वस्तू विकायचं एक ऑनलाइन पेज. पितळी डबे, कंदील, अडकित्ते, तांब्याचे हंडे. गावात याला भंगारचा धंदा म्हणतात, मी व्हिंटेज म्हणतो. वस्तू तीच! इंदापूरच्या बाजारात आणि आसपासच्या खेड्यांत फिरून माल मी गोळा करतो. पॅकिंग, टेम्पो आणि पेजचा फोन माझा चुलतभाऊ नवनाथ सांभाळतो. आमच्या आया जे भांडं चिंच-मीठ लावून लख्ख करायच्या, तेच भांडं पुण्या-मुंबईच्या लोकांना काळपट आणि डागाळलेलं हवं असतं. घासलं की किंमत उतरली. माझ्या बायकोला, रूपालीला, हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते मी लोकांना पारोशी भांडी विकतो.

घरात आम्ही दोघं आणि माझे वडील, तात्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या माणसाची हाक कॅनॉलच्या पलीकडं ऐकू जायची, तो माणूस खुर्चीत बसून नुसता बघायचा. मला ते बाळ्या म्हणायचे. मी चाळिशीला आलो तरी बाळ्या. बँकेत, लग्नात, चारचौघांत... ‘बाळ्या, ए बाळ्या!’ आणि मी ‘ओ’ दिल्याशिवाय हाक थांबायची नाही. लई राग यायचा मला त्याचा. ती हाक बंद पडली तेव्हा लक्षात आलं की मला त्या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणीच उरलेलं नाही.

थंडीचे दिवस होते. लासुर्ण्यात मालनकाकू म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडं तांब्याचा जुना बंब विकायचा आहे असं कळलं. नव्या पिढीसाठी सांगतो, बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. मधल्या नळकांड्यात जाळ घालायचा, भोवती पाणी, खाली तोटी. हल्ली शहरात लोक त्यात झाडं लावतात. मी नवनाथला घेऊन गेलो. बंब देखणा होता, एक पोचा नाही. काकूंच्या सुनेनं नवीन बंगल्यावर सोलर बसवला होता, त्यामुळे ही अडचण तिला नको होती. व्यवहार झाला. आम्ही बंब उचलायला लागलो तशा काकू पुढं आल्या.

“न्हेताय तर न्हेवा. पर रिकामा ठिऊ नका. तांब्याभर का हुईना, पाणी असू द्या आत.”

“का हो काकू?”

“माझी सासू कदी ठिवत नव्हती रिकामा. मी बी न्हाय ठिवला. का ते आमी कुठं इचारलं?”

नवनाथ गाडीत हसत होता. म्हणाला, “दादा, आता ह्येला रोज पाणी पाजायचं का काय?”

खरं तर पाणी मी तसंही घालणारच होतो. माल विकण्याआधी गळती तपासावी लागते. भांडं काठोकाठ भरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पाणी तेवढंच असेल तर पास. मी बंब गोठ्यात ठेवला (म्हशी आता शेडमध्ये असतात, जुना गोठा म्हणजे माझं गोडाऊन), पाणी भरलं आणि फोटो काढून पेजवर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो. पाणी तसूभर कमी झालं नव्हतं. झाकण उचललं तर तोंडावर वाफ आली.

हात लावला तर चटका! मला वाटलं रूपालीनं पेटवला. तिला विचारलं तर ती म्हणाली, “मला वाटलं तुम्हीच पेटवलाय. भांडी काळी करून विकताच की!” नळकांड्यात हात घालून पाहिलं. राख नाही, धूर नाही, काडीसुद्धा नाही. गोठ्याला वरून कौलं आहेत, ऊन येत नाही, आणि आलं तरी डिसेंबरच्या सकाळी पाणी उकळवेल असलं ऊन बारामतीत पण पडत नाही. नेमकी त्या दिवशी लाईट नव्हती, गिझर बंद. रूपाली व्यवहारी बाई आहे. ती म्हणाली, “कसं का तापेना, तात्यांची अंघोळ उरकून घ्या.”

गार पाणी मिसळून बादली भरली. तात्यांना पाटावर बसवलं आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला.

तात्या म्हणाले, “आये, लई कढत हाय गं.”

तांब्या माझ्या हातातून पडला. आवाज तात्यांचाच होता, पण बारीक, लहान पोरासारखा रडका. मी “तात्या, तात्या” करत राहिलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. “डोळ्यात गेलं की,” म्हणाले, आणि डाव्या हातानं डोळा चोळला. अंग पुसून बाहेर आणलं तर परत गप्प. रूपाली दारातच उभी होती, तिनंही ऐकलं होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन रडलो. आनंदानंच रडलो, भीती नंतर आली.

मग रोजचं झालं. संध्याकाळी बंब भरून ठेवायचा, सकाळी पाणी कढत. एकदा मी पहाटेपासून समोर स्टूल टाकून बसलो. हात लावून लावून बघत होतो, गारच. रूपालीनं चहाला हाक मारली, कप घेऊन परत आलो तर तोटी पोळत होती. आणि त्या पाण्याची अंघोळ चालू असेपर्यंत तात्या बोलायचे. माझ्याशी नाही, भलत्यांशीच. एकदा त्यांच्या थोरल्या भावाशी – “आण्णा, मला बी बसू दे की मोटंवर.” मग कुणा गुरुजींशी, पाटी फुटल्याबद्दल. मग उसाच्या गाड्या कारखान्याच्या काट्यावर अडकल्यात म्हणून कुणाला तरी शिव्या. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, त्यात फक्त पाणी पडल्याचा आवाज. बारामतीच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, रोजच्या सवयीच्या गोष्टीतून कधीकधी वाचा परत येते, चांगलं लक्षण आहे. बंबाचं मी त्यांना बोललोच नाही, आणि नवनाथलाही नाही. त्यानं पाणी पाजायच्या विनोदावर अख्खं गाव हसवलं असतं.

हे काय चाललंय ते आधी रूपालीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, “अहो, तात्या रोज मोठे होतायत.”

खरंच होतं. पहिल्या दिवशी आईच्या कडेवरचं पोर, मग शाळकरी, मग मिसरूड फुटलेला गडी. एके सकाळी ते एकदम लाजले आणि म्हणाले, “मला पसंत हाय म्हणावं.” माझ्या आईला पाहून आले होते! दुसऱ्या दिवसापासून ते आईशी बोलायला लागले. आई गेल्यावर कुणी तिचं नाव काढलं की जे विषय बदलायचे, ते तिला लाडीगोडी लावत होते. मी पाणी ओतत होतो आणि ऐकत होतो. माझं सगळं लक्ष आता एकाच गोष्टीकडं लागलं होतं. मी त्यांचा पहिला मुलगा. आता माझी पाळी येणार होती.

दरम्यान बंब विकला गेला होता. पुण्याच्या एका मॅडमनी पहिल्याच आठवड्यात फोटो बघून बुक केला होता. नवीन फ्लॅटच्या बाल्कनीसाठी हवा होता. मी आज देतो, उद्या देतो करत होतो. तोटी दुरुस्त करायचीय, असं खोटंही सांगितलं. ऑर्डर रद्द करून टाकायला हवी होती, पण कारण काय सांगणार... शिवाय मनात असंही होतं की अजून थोडेच दिवस, एकदा त्यांनी हाक मारली की संपलं.

त्या सकाळी तात्या म्हणाले, “घागर नगं उचलू. दिवस भरत आल्यात तुजं. मी हाय न्हवं?”

म्हणजे उद्या. उद्या किंवा परवा. मी रूपालीला म्हणालो, उद्या तूपण मोरीत थांब. मग आम्ही तात्यांना व्यायामाच्या डॉक्टरांकडं दाखवायला बारामतीला घेऊन गेलो. यायला दुपार टळली. गोठ्याचं दार उघडं होतं आणि नवनाथ पावत्या आवरत बसला होता. बंबाच्या जागी फक्त ओला गोल डाग.

“दादा, त्या पुण्याच्या मॅडमचा फोन आलता. वास्तुशांत हाय म्हणं त्यांची. टेम्पो तिकडं निगालाच व्हता, तर बंब बी दिला लावून. तू इसरलाच व्हतास बग.”

त्याची काय चूक? त्यानं त्याचं काम केलं. मी टेम्पोवाल्याला फोन लावला, त्यानं केव्हाच माल उतरवला होता. मॅडमना लावला तर त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, “किती सुंदर पीस आहे! माणूस आलाच होता बाल्कनीचं काम करायला, लगेच करून पण घेतलं.” काय करून घेतलं म्हणून विचारलं. “अहो, ड्रेनेजची भोकं. तळाला. झाडं कुजतात ना नाहीतर.”

दुसऱ्या दिवशी गिझरच्या पाण्यानं अंघोळ घातली. रूपाली दारात उभी होती. तात्या माझ्याकडं बघत राहिले आणि ओठ हलवायचा प्रयत्न करत होते. आवाज नाही. तांब्यावर तांबे ओतले मी, बादली संपली, दुसरी आणली. शेवटी रूपालीनं माझा हात धरला.

पुण्याला जाऊन आलो. मॅडम भल्या होत्या. मी काहीतरी घरगुती कारण सांगितलं, तर न्या म्हणाल्या तुमचा परत. पण तळ सांधण्यापलीकडं चाळणीसारखा झालेला, आत माती आणि सदाफुलीची रोपं. पाणी कशात ठेवणार? मी रिकाम्या हातानं परत आलो. त्यानंतर इंदापूरहून दुसरा बंब आणला, तो जाळ घालून तापवला. अकलूजकडून अजून एक आणला. त्या पाण्यानं तात्या बोलले नाहीत. लासुर्ण्याला जाऊन मालनकाकूंना विचारलं, आपलं काही नातं निघतं का, तुमच्या सासूबाई आमच्या गावच्या होत्या का. काहीच संबंध निघेना. त्या एवढंच म्हणाल्या, “रिकामा ठिऊ नका म्हन्ले व्हते मी.”

मागच्या महिन्यात मॅडमचा मेसेज आला. जसा आला तसा लिहितो – ‘सर, त्या बंबात काहीच जगत नाही. सकाळी माती गरम असते, मुळं भाजल्यासारखी होतात. आणि एक विचारायचं होतं. सासूबाई म्हणतात रोज सकाळी बाल्कनीतून कुणीतरी हाक मारतं. बाळ्या, ए बाळ्या, असं. थांबतच नाही म्हणाल्या. खूप घाबरल्यात त्या. म्हणून काल भंगारवाल्याला देऊन टाकला. तुम्हाला याबद्दल काही माहिती आहे का?’

मी लगेच फोन केला. भंगारवाला कोण, कुठला, त्यांना माहीत नव्हतं. हातगाडी घेऊन रस्त्यानं ओरडत जाणारा कुणीतरी. दोन दिवस मी त्या भागातली भंगाराची दुकानं पालथी घातली. तांबं लगेच वितळवायला जातं, हे धंद्यात असल्यामुळे मला चांगलं माहीत आहे. किंवा माझ्यासारख्याच कुणीतरी उचलून, फोटो काढून, पुढं विकला असेल. रोज रात्री मी सगळी पेजेस बघतो. बंब पुष्कळ दिसतात, तो दिसत नाही.

यातलं मला काहीच कळलेलं नाही. पाणी कशानं तापायचं, तात्या कुठून बोलायचे, आणि खुर्चीत माझ्यासमोर बसलेला माणूस पुण्याच्या बाल्कनीत मला हाका कशा मारत होता... कुणाला माहीत असेल तर सांगा. मी आता हसणार नाही.

तात्या आहेत. जेवतात, बघतात, बोलत नाहीत. रोज सकाळी मी त्यांना पाटावर बसवतो, गिझरचं पाणी काढतो आणि पहिला तांब्या ओतताना मोठ्यानं ‘ओ’ म्हणतो. शेजारच्या वस्तीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. रूपाली आता काही विचारत नाही. ती फक्त टॉवेल घेऊन दारात उभी राहते.