मुद्दाम नापास

हायस्कूलच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की एक अरुंद फोटो स्टुडिओ लागतो. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल, दोन दिवे, भिंतीला आरसा आणि आरशाखाली दोरीने बांधलेला कंगवा. दोरी बांधली नाही तर पोरं पदवीच्या आधी कंगवाच घेऊन जातील, असं मालकाचं म्हणणं. या मालकाला सगळे हनुवटीकाका म्हणतात. स्टुलावर कोणीही बसो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "हनुवटी वर."

बारावीचा निकाल लागला की तीन आठवडे काकांना पाठ टेकायला सवड नसे. प्रत्येक कॉलेजच्या फॉर्मला फोटो लागायचा. मागे पांढरा पडदा हवा, दोन्ही कान दिसायला हवेत, डोळे उघडे हवेत आणि हसायचं नाही. पोरं आधी घरी मोबाइलवर फोटो काढून बघत. ऑनलाइन फॉर्म तो फोटो नाकारत असे, मग निमूट काकांकडे येत.

"हसायचं नाही ही अट घालणारा माणूस शहाणा असला पाहिजे," काका म्हणत. "पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला ठाऊक होतं."

या तीन आठवड्यांत काकांची जीभ जरा जास्तच चाले. पोरांच्या आयांचा त्यांना सगळ्यात राग. एक बाई मुलाचा भांग पाडता पाडता म्हणाल्या, "आम्हाला कॉम्प्युटरच घ्यायचंय."

"घ्या की," काका म्हणाले. "मग स्टुलावर कोण बसतंय? तुम्ही?"

पोरांचीही ते गय करत नसत. एकाला त्यांनी विचारलं, "हेच कॉलेज का रे?"

"मित्र जातोय."

"आणि मित्र का जातोय?"

पोरगा जरा घुटमळला. "मी जातोय म्हणून."

दुसरी एक मुलगी चकचकीत माहितीपुस्तिका छातीशी धरून आली. "कॅम्पस किती छान आहे ना काका!" पुस्तिकेवर पाच तरुण-तरुणी एका लॅपटॉपकडे बघून खिदळत होते. काकांनी पुस्तिकेवर एक नजर टाकली आणि त्यांना हसू फुटलं. ते फोटो त्यांनीच काढले होते. लॅपटॉप सुरूसुद्धा नव्हता. खिदळणारे पाचही जण कॉलेजच्या संस्थाध्यक्षांच्या नात्यातले. त्यांतला एक 'विद्यार्थी' बत्तीस वर्षांचा होता आणि त्याचं पोट झाकायला काकांनी त्याच्या हातात फाइल दिली होती. ग्रंथालयाच्या वरच्या फळ्यांवर पुस्तकांच्या जागी बुटांची रिकामी खोकी रचली होती. प्रयोगशाळेतल्या नळ्यांत लाल आणि हिरवं सरबत भरलं होतं.

"फोटो झाल्यावर ते सरबत आम्हीच प्यायलो," काकांनी मुलीला सांगितलं. "हिरवं बरं होतं."

मुलीला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तिने तेच कॉलेज घेतलं.

त्याच मोसमात एक दिवस ड्रायव्हिंग स्कूलवाला आपल्या लेकीला घेऊन आला. हा गृहस्थ आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसलेला. उभा असतानाही त्याचा उजवा पाय मधूनच जमिनीवर दाबला जाई, समोर नसलेला ब्रेक मारल्यासारखा. लेक सतरा-अठरा वर्षांची, सडपातळ.

"दातांच्या कॉलेजचा फॉर्म आहे," बाप म्हणाला. "शेजारी डेंटिस्ट राहतात आमच्या. तीन मजली घर बांधलंय. हिचा नंबर लागतोय, मार्क आहेत तेवढे."

मुलगी स्टुलावर बसली. काका म्हणाले, "हनुवटी वर." तिने हनुवटी वर केली. दिवा लखलखला. फोटोत डोळे मिटलेले. पुन्हा काढला, पुन्हा तेच. काकांनी दिवे मंद केले, स्टूल मागे घेतलं, "तीन म्हणेन तेव्हा उघड" असंही सांगून पाहिलं. वीस फोटो झाले, विसांतही डोळे मिटलेले. एकविसाव्यात पापण्या अर्ध्या उघड्या होत्या.

"उजेड सहन होत नाही मला," ती म्हणाली.

"लहानपणी तर असं काही नव्हतं," बाप म्हणाला आणि त्याचा पाय दाबला गेला. शेवटी तोच अर्ध्या डोळ्यांचा फोटो घेऊन दोघं गेले.

चार दिवसांनी परत हजर. फॉर्म नाकारला गेला होता : डोळे स्पष्ट दिसत नाहीत. मुदत संपायला दोन दिवस उरले होते आणि बापाचा जीव टांगणीला लागला होता.

या वेळी काकांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. तीस वर्षं त्यांनी माणसांच्या पापण्या पाहिल्या होत्या. उजेडाला घाबरणारा माणूस उजेड पडल्यावर डोळे मिटतो. ही पोरगी उजेडाच्या आधी मिटत होती. काकांचं बोट बटणावर टेकलं की हिच्या पापण्या खाली. बोट उचललं की वर. तिचं सगळं लक्ष त्यांच्या बोटावर होतं.

काकांचा पारा चढला. हा खेळ त्यांच्या ओळखीचा होता.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रस्त्यात आडवी लागली होती. बाप धावत गाडी काढायला गेला.

"डोळे मिटून कॉलेज टळत नाही गं," काका म्हणाले.

मुलगी दचकली. "मी मुद्दाम नाही..."

"खोटं बोलू नकोस. मी या धंद्यात म्हातारा झालोय. इथे नाही निघाला फोटो तर तुझा बाप दुसरीकडे नेईल. तिथे तुझे डोळे चिमट्याने उघडतील. पुढे काय करणार? पेपर कोरे टाकणार?"

तिने नजर खाली वळवली. त्यावरून काकांना कळलं, हा विचारही तिने करून ठेवलाय.

मग काकांनी तिला ते सांगितलं, जे त्यांनी पस्तीस वर्षांत बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांचे वडील कारखान्यात फोरमन. दोन्ही मुलगे इंजिनिअर झालेच पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. थोरला झाला. धाकट्यालाही त्याच कॉलेजात घातलं. त्याला यंत्रांचा मनापासून कंटाळा होता, पण वडिलांसमोर उभं राहून 'मला नको' म्हणायची छाती नव्हती. मग त्याने सोपी वाट काढली. परीक्षेत उत्तरं येत असूनही चुकीची लिहायची. तेही बेताने. सगळंच चुकवलं तर संशय येईल, म्हणून दोन प्रश्न बरोबर, तीन चूक. कच्च्या पानावर गणित सोडवायचं, उत्तर बघायचं, मग त्यावर काट मारून पक्क्या पानावर वेडंवाकडं काहीतरी उतरवायचं. असं दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी कॉलेजने हात जोडले.

"मला वाटलं होतं, वडील मारतील," काका म्हणाले. "मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याशी हळू बोलायला लागले. प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगायचे, आजारी माणसाला सांगतात तशी. बाजारातून काय आणायचं तेसुद्धा कागदावर लिहून द्यायचे. शेवटी ओळखीच्या फोटोवाल्याकडे मला चिकटवलं. जाईपर्यंत त्यांची खात्री होती, धाकटा मठ्ठ आहे, बिचारा. आणि मी त्यांना तसं जाऊ दिलं. भेकडपणा तो, दुसरं काही नाही. तू हुशार पोरगी आहेस, म्हणून तू भेकड नाहीस असं समजू नकोस."

मुलीचे कान लाल झाले. "तुम्हाला काय करायचंय? फोटो काढा," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता.

बाप घाम पुसत आत आला. "झालं का?"

"बाबा, मला दातांचं कॉलेज नकोय."

त्याचा पाय दाबला गेला. "काय?"

"लोकांच्या तोंडात हात घालायची मला किळस येते. दोन महिने सांगायचं सांगायचं म्हणतेय. तुम्ही डेंटिस्टच्या घराचे मजले मोजत बसता."

"मग काय हवंय?"

"मला माहीत नाही." ती रडत होती, तरी थांबली नाही. "नकाशे आवडतात. भूगोल घेईन कदाचित."

"भूगोल? भूगोल घेऊन काय करणार? लोकांना रस्ते दाखवत फिरणार?"

"तुम्ही तेच करता ना!"

काकांना हसू आवरेना. ते खोकल्याचं निमित्त करून कॅमेऱ्यामागे गेले, पण बापाने पाहिलंच. त्याने सगळा राग तिकडे वळवला. "तुम्ही शिकवलंत हिला हे! फोटो काढायला बसलात की पोरं बिघडवायला? एक धड फोटो निघत नाही तुमच्याच्याने आणि अक्कल शिकवताय!" लेकीचा दंड धरून तो तरातरा निघून गेला. जाताना काउंटरला त्याचा धक्का लागला आणि कापून ठेवलेले कुणाचे तरी आठ फोटो जमिनीवर पडले.

काकांनी ते उचलले. आपण नसत्या फंदात पडलो, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, पडलो ते बरं केलं. दिवसभर त्यांचं हे असंच चाललं.

पाचव्या दिवशी बापलेक पुन्हा आले. दातांच्या कॉलेजची मुदत उलटून गेली होती. बाप काकांकडे न बघता भिंतीला म्हणाला, "साध्या कॉलेजचा फॉर्म आहे. लवकर काढा." मुलगी स्टुलावर बसली. पहिल्याच फोटोत डोळे टक्क उघडे, बटणासारखे. काकांनी दुसरा काढलाच नाही.

पुढच्या वर्षी ती बसपासासाठी फोटो काढायला आली तेव्हा काकांनी विचारलं, "मग? कसा आहे भूगोल?"

"कंटाळवाणा. सर जुन्या वहीतून टिपणं सांगतात, आम्ही लिहून घेतो. नकाशे आठवड्यातून एकदा." मग म्हणाली, "बाबा अजून डेंटिस्टकाकांशी बोलत नाहीत. मी डॉक्टर झाले नाही, यात त्यांचा काय दोष, देव जाणे."

"तुला पश्चात्ताप होतोय?"

तिने खांदे उडवले. "कंटाळा माझा माझा आहे."

काकांना हे उत्तर धड आवडलं नाही आणि विसरताही येईना. ही एवढीशी पोरगी बोलून मोकळी झाली, आणि आपण पंचावन्न वर्षांचे होऊन जगाला नावं ठेवत बसलोय, हे त्यांना डाचायला लागलं.

त्याच महिन्यात थोरल्या भावाच्या नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणून त्याने सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. थोरला त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बड्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. जेवताना त्याने दरवेळचा विनोद केलाच. "आमच्या घरात तीन पिढ्या इंजिनिअर. एकच गाडी मधे रुळावरून घसरली." आणि काकांकडे पाहून हसला. सगळे हसले. एरवी काकाही हसत.

"मी मुद्दाम नापास झालो होतो, दादा," काका म्हणाले.

मग पुन्हा हशा पिकला, आधीपेक्षा मोठा.

"खरं सांगतोय. मला सगळं येत होतं. वडिलांना नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून चुकीचं लिहिलं."

थोरल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "असू दे रे. आता कशाला मनाला लावून घेतोस? सगळ्यांनाच नसतं जमत. तुझं छान चाललंय की." थेट वडिलांचा आवाज, तोच संथपणा, एकेक शब्द सुटा. काकांची कानशिलं तापली.

"कागद द्या," ते म्हणाले.

कुणीतरी नातीला आलेलं आहेराचं रिकामं पाकीट पुढे केलं. काकांनी डाव्या हाताने ते धरलं आणि उष्ट्या हातात पेन घेऊन दुसऱ्या वर्षाच्या पेपरातला तिसरा प्रश्न लिहिला. तुळईवर भार, दोन टेकू, कुठे किती वाकेल ते काढा. हा प्रश्न त्यांना तोंडपाठ होता. पस्तीस वर्षांत किती वेळा तो त्यांनी मनातल्या मनात सोडवला होता, त्याला गणती नाही. भराभर पायऱ्या लिहून त्यांनी पाकीट थोरल्यापुढे टाकलं. "बघ."

थोरल्याने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. पाकीट जवळ धरलं, लांब धरलं. त्याच्या कपाळावर घाम आला. चाळीस वर्षं त्याने फायलींवर सह्या केल्या होत्या. तुळई कशी वाकते ते त्याच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं.

"असेल बरोबर," तो पुटपुटला.

"आजोबा, मला बघू द्या," म्हणत नातीने पाकीट ओढलं. मैत्रिणींवर कुरघोडी करायला ती पहिल्या दोन वर्षांची पुस्तकं आधीच वाचून बसली होती. तिचं बोट पायऱ्यांवरून खाली सरकलं आणि चौथ्या ओळीवर थांबलं. "इथे चुकलंय. वजा हवं, तुम्ही अधिक घेतलंय. पुढचं सगळंच चुकलं."

आता मात्र सगळे पोट धरधरून हसले. थोरला तर डोळे पुसायला लागला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

काकांनी पाकीट पुन्हा हातात घेतलं. पोरगी बरोबर होती. वजाच हवं होतं. ही चूक आजची की तेव्हाचीच, मनातल्या मनात इतकी वर्षं आपण अधिकच धरत आलो की काय, हे त्यांना काही केल्या आठवेना. ते स्वतःशीच चरफडले. मग त्यांनी चौथी ओळ खोडली, चिन्ह बदललं आणि खालच्या पायऱ्या एकेक करून पुन्हा लिहायला घेतल्या. आता कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. माणसं उठून हात धुवायला गेली होती, आत नातीच्या नव्या हॉस्टेलच्या खोलीचे फोटो दाखवणं सुरू झालं होतं. काका रिकाम्या ताटांमधे एकटेच बसून होते. उत्तर आलं. त्यांनी ते उलट्या बाजूने पडताळून पाहिलं. जुळलं. मग त्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.