साच्यातली एक ओळ

ऑफिसात त्यांना सगळे साचेकाका म्हणत. लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवायचा तर कामांची एक यादी संगणकाला द्यावी लागते. तिला म्हणतात बिल्ड स्क्रिप्ट. पूर्वी जो तो आपापली लिही आणि जो तो आपापल्या चुकीनं आपटे. काकांनी एकच साचा केला. सामाईक कामं पक्की, बदलणाऱ्या गोष्टींना रकाने. थोरलीचा फ्रॉक धाकटीला द्यावा, टाके तेवढे उसवून नव्यानं घालावेत, तसा तो तीस प्रोजेक्टांना पुरला.

लेक दूरच्या शहरात नोकरीला गेली, तीही साचा घेऊन. पण एका ठिकाणी काका रकाना ठेवायला विसरले होते. तिथे त्यांच्या घरच्या संगणकातल्या फोल्डरचा पत्ता तसाच राहिला होता. त्यामुळे नवं प्रोजेक्ट सुरू केलं की लेकीचा फोन ठरलेला.

"बाबा, तुझा साचा परत आपल्या घरात जाऊन शोधतोय! कुठली ओळ होती रे ती?"

ओळ सांगायला एक मिनिट. मग जेवलीस का, खोकला गेला का, आईचा गुडघा काय म्हणतो, यात तासभर.

"अहो, जगाला रकाने वाटता," काकू म्हणत, "पोरीलाच एक देववत नाही?"

"करतो गं, सवडीनं."

सवड चार वर्षं मिळाली नाही.

यंदा तिचं नवं प्रोजेक्ट सुरू होऊन पंधरवडा झाला, तरी फोन नाही. आला तो निरोप: "बाबा, त्या ओळीचा रकाना केलाय मी. तपासून साच्यात घे. आता तुला त्रास नाही."

काकांनी बदल तपासला. सात ओळी. चूक सापडावी म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचला. पण तिला शिकवलं होतं कुणी? काकांनीच. एक मोकळी जागा जास्त निघाली, तेवढीच. ती काढली आणि बदल साच्यात घेतला. मग उगाच टेबलावरची पेनं एका रांगेत लावत बसले.

"मग आता तुम्ही करा की फोन," काकू म्हणाल्या.

"काय बिघडलंय म्हणून सांगू?"

काकूंनी फोन तेवढा पुढे सरकवला.

"बाबा? काय झालं? साचा मोडला का माझ्यामुळे?"

"नाही गं. छान चाललाय." काकांनी रांगेतलं एक पेन उचलून परत ठेवलं. "सगळं... चाललंय."

पलीकडे फोडणीची चरचर ऐकू आली.

"थांब हं बाबा," लेक म्हणाली, "गॅस बंद करून येते. मग नीट बसून बोलू."