हत्यार जमा करण्यापूर्वी

अमेरिकेतल्या कॅरी गावात आम्ही तीन-चार मराठी घरं शनिवारी चहाला जमतो. काही ठरवायला बसलो की काम राहतं बाजूला आणि नुसते किस्से साठतात. सतीश पवारच्या रायफलीचंच बघा ना!

*

सतीश साताऱ्याचा, इथे डेटाबेस सांभाळतो. सिटिझन झाल्यावर त्यानं भारतीय लष्करानं मोडीत काढलेली एक जुनी रायफल विकत घेतली. त्याचे वडील, आबा, रिटायर्ड सुभेदार. त्यांनी नोकरीभर अशीच रायफल वागवली होती.

त्याची बायको मेधा म्हणाली, "माझं लोणचं एअरपोर्टवर काढून घेतात, आणि ही बरी आली!"

*

शूटिंग रेंजवर सतीशनं नीट नेम धरला. गोळी शेजारच्या टार्गेटला लागली. शेजारचे अमेरिकन आजोबा म्हणाले, "थँक यू!"

बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं नळीत बॅटरी मारली. नळी आतून पार झिजलेली. "नळी बदलण्यापेक्षा दुसरी रायफल घे. ही मला दे, सुटे भाग कामी येतील." सतीशला फार वाईट वाटलं.

*

आमचा कुलकर्णी प्रोजेक्ट मॅनेजर. त्यानं लगेच मीटिंग घेतली.

"रिपेअर की रिप्लेस ते नंतर. आधी रिक्वायरमेंट काय आहे?"

"काहीच नाही," मेधा म्हणाली.

मीटिंग संपली.

*

मग आबा इथे राहायला आले. ते 'ठेव' म्हणतील अशी सतीशला खात्री. व्हिजिटर व्हिसावर बंदुकीला हात लावणं कायद्यात बसत नाही, म्हणून आबांनी हात मागे बांधून ती पाहिली.

"बदल की! आमच्याकडं बिघडली की जमा करायचो, दुसरी घ्यायचो. रडत न्हाई कुणी बसायचं."

सतीशनं गुपचूप दुसरी ऑर्डर केली.

*

दुसरी आली. सतीश जुनी घेऊन दुरुस्तीवाल्याकडे निघाला, तर आबा दारात उभे.

"घाण हत्यार जमा करत न्हाईत. आधी साफ कर."

सतीशनं दुपारभर ती साफ केली. आबांनी हात मागे ठेवूनच नळीत डोकावून पाहिलं.

"पुन्हा."

पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही! मी स्वतः पाहिली, लख्ख होती. दुरुस्तीवाल्याचे फोन यायचे. मेधा सांगायची, "इन्स्पेक्शन चालू आहे."

सहा महिन्यांनी आबा परत निघाले. एअरपोर्टवर सतीशनं पाया पडून विचारलं, "आबा, आता देऊन टाकू ना ती?"

आबांनी जरा विचार केला.

"अजून थोडी घाण हाय," म्हणाले, आणि सिक्युरिटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.