भिंतीवरची सतरंजी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात माणसं वेडी झाली, असं माझं तेव्हा स्पष्ट मत होतं. कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत जिथं म्हणून पाठ टेकायला जागा होती तिथं कापूस रचला जात होता, आणि भातकुलीला आमच्या घरी तर दुसरा विषयच उरला नव्हता. अशा दिवसांत मी सरकारी शाळेच्या नक्षीच्या वर्गात बसून कागदावर वेली काढत होतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे बघवत नव्हतं. शेतात वेचणीला माणूस मिळेना, आणि घरचा धडधाकट मुलगा शहरात फुलं काढतोय!

शेवटी त्यांनी अट घातली. "तुयं काम लोकं पाहतीन म्हनतं ना? मी बी येतो पाहाले. मले पटलं तर राह्य. नाई पटलं तर त्याच बैलबंडीत बसाचं अन् घरी चालाचं."

जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबानं अमरावतीत अजबखाना, म्हणजे पाहण्यासारख्या चिजांचं प्रदर्शन, मांडायचं ठरवलं होतं. आमच्या नक्षीवरून विणलेल्या सतरंज्या त्यात ठेवायच्या होत्या. जागा मिळाली ती कापसाच्या वखारीची, तीही एका व्यापाऱ्यानं नाक मुरडत रिकामी करून दिलेली. कितीही झाडा, कापूस हवेत तरंगतच होता आणि वाघाच्या मिशांवर जाऊन बसत होता.

सगळ्या दुखण्याचं मूळ तो वाघ. सेमाडोहच्या रानातून आणलेला, पेंढा भरलेला. आत आलेला माणूस सरळ वाघाकडे जायचा, त्याचे दात पाहायचा आणि बाहेर पडायचा. आमच्या सतरंज्या समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या. माझ्या सतरंजीच्या काठाला मी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, उमललेली बोंडं काढली होती. आमचे नक्षीचे मास्तर मुंबईचे, त्यांना तिथं द्राक्षाची वेल हवी होती. बोंडांपायी मी त्यांच्याशी काय भांडलो होतो! आणि आता ती बोंडं पाहायला काळं कुत्रं थांबेना. एकजण तर वाघ नीट दिसावा म्हणून माझ्या सतरंजीला पाठ टेकून उभा राहिला.

"संयम ठेवा," मास्तर म्हणाले.

संयम! संध्याकाळी बंडीत त्यांना थोडंच बसायचं होतं.

दुपारी आबा आले. कापसाची बंडी बाजारात लावून, ओळखीचे चार शेतकरी बरोबर घेऊन. वाघाकडे त्यांनी एकदा पाहिलं, "मेलेला हाये," म्हणाले, आणि इकडेतिकडे बघायला लागले.

"बसाचं कुठं?"

"आबा, इथं बसत नाई. इथं पाहतेत."

"उभ्यानं? सकाऊनपासून बंडी हाकून राह्यलो बाप्पा. लोकाईले बोलवाचं अन् बसा बी म्हनाचं नाई, हे कोन्या गावचं?"

माझी चिडचिड झाली. मी भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "ते पाहा, ते माही सतरंजी!"

बसायला काही आहे का असं पाहुण्यानं विचारावं आणि घरच्यानं सतरंजीकडे बोट दाखवावं, याचा वऱ्हाडात एकच अर्थ होतो. रागाच्या भरात ते माझ्या ध्यानात आलं नाही. "हं, हे झालं ना!" म्हणत आबांनी एका खिळ्यावरचा फास काढला, सोबतच्यानं दुसऱ्यावरचा. सतरंजी झटकली, वाघासमोर अंथरली, आणि सगळे वहाणा काढून तिच्यावर मांडी घालून बसले.

शिपाई ओरडत आला. "उठा, उठा! सरकारी माल हाये तो!"

"सतरंजी भिंतीले टांगते काय कोनी?" आबा म्हणाले. "ये, तू बी बस."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मला रडू येईल की काय असं वाटत होतं. जी सतरंजी पाहून आबांनी माझा निकाल लावायचा, तिच्यावरच ते बसले होते, आणि पाहत होते वाघाकडे! मी त्यांचा दंड धरून ओढला. ते हलले नाहीत.

तेवढ्यात उभं राहून पाय दुखलेली आणखी माणसं आली. "सरका जरा," म्हणून बसली. चंच्या सुटल्या, पान झालं, भावाच्या गोष्टी निघाल्या. एक म्हातारा बोलता बोलता काठावर बोट फिरवत होता, तो थांबला.

"हे तं बोंड हाये."

"फुटलेलं हाये," शेजारचा वाकून म्हणाला. "वेचाले आलं."

मग सगळेच वाकले. कोपऱ्यात हळूच टेकलेला शिपाईसुद्धा. आबा मात्र ताठ बसून होते, आणि माझा राग अजून नाकावर होता.

बाजारातून बंडीचा नंबर लागल्याची हाक आली तेव्हा ते उठले.

"तुमी तं धड पाह्यलीबी नाई," मी म्हणालो. "आता काय, बंडीत बसू?"

"नाई. तू राह्य इथंच."

"काहून?"

आबांनी वहाणेत पाय घातला. "पाहाचं काय असते सतरंजीत? कवाचा पाहून राह्यलो, कोनी उठून नाई राह्यलं."