धाकटीची बाग

धाकटी नवऱ्याला अरेतुरे करायची आणि वाघाला अहोजाहो. वाघ म्हणजे लॅपटॉपमधला. प्राणिसंग्रहालय चालवायचा एक खेळ असतो: पिंजरे बांधायचे, जनावरं आणायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं, बघायला येणाऱ्या लोकांची सोय करायची. माझी ही जाऊ लग्न होऊन कुंडलला आली ती लॅपटॉप घेऊनच. अंगाची हळदही निघाली नव्हती, तर सोप्यात बसून वाघाला विनवत होती, "आवं, सरका की जरा, पाणी भरायचंय." मी म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, "आक्का, आमच्या मेढ्याकडं डोंगरात त्यांना एकेरीत हाक मारत न्हाईत."

मी शहरात, विश्रामबागेत वाढलेली. इथं येऊन धार काढायला शिकले, ऊसतोडीच्या माणसांची उस्तवार करायला शिकले, चुलीवरच्या भाकरीही शिकले. आबांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, कधी नाव ठेवलं नाही, पण कौतुकाचा शब्दही नाही. फौजेतून आलेला माणूस. माझ्याशी बोलणं म्हणजे "चहा" आणि "मोटर बंद कर". या माणसानं एकदा तरी मला समोर बसवून चार गोष्टी बोलाव्यात, एवढीच माझी हौस होती. आणि ही कालची पोर येते काय, नि आबा आपण होऊन तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसतात काय.

तिनं खेळातल्या बागेत सगळ्यात आधी गवे आणले. "आमच्या शिवारात ही फुकट येत्यात आन् भात तुडवून जात्यात. हितं तिकीट लावलंय," म्हणाली. आबा हसले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. सावली कुठाय, हौद कुठाय, ती तार ढिली दिसतीया. रात्री ताटं मांडली की दोघांचा एकच जप, "आधी जित्राबांचं, मग माणसांचं." त्यांच्या जित्राबांची वैरण होईस्तोवर माझ्या भाकरी गार. गोठ्यातल्या खऱ्या गुरांचं मी केव्हाच उरकलेलं असायचं, पण ते कोण बघतंय.

मी जळायचे, सरळच सांगते. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ती वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती कधी उलट बोलली नाही, कामाला नाही म्हणाली नाही, आणि भाकरी करपली की ती गुपचूप आपल्याच ताटात घ्यायची. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही. मी भांडी जरा जोरात आपटायचे, तर ही आतून ओरडायची, "आक्का, हळू, हरणं बुजत्यात."

त्या वर्षीचा बेंदूर मला अजून खुपतो. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतल्यापासून आमच्याकडं मातीचे बैल पुजायचे, आणि त्या दिवशी आबा गप्प गप्प असायचे. धाकटीनं सकाळीच जाहीर केलं, "आबा, आज बागेचा दरवाजा बंद. जनावरांचा सण हाय, आज त्यास्नी कुणी बघायला यायचं न्हाई." बाग बंद ठेवली की खेळात तोटा होतो म्हणे. आबा म्हणाले, "हूं दे." मग लॅपटॉपला हळदकुंकू लागलं. मी चुलीपुढं घामाघूम, आणि सोप्यातून हाक आली, "आक्का, हत्तीला निवद दाखवायचाय, एक पोळी द्या की." आबा मांडीवर थाप मारून हसत होते. इतक्या वर्षांत त्यांचं असलं हसणं मी ऐकलं नव्हतं. पोळी मी दिली, पण तूप घातलं नाही.

पुढं माझ्या फौजेतल्या दिराला आसामात फॅमिली क्वार्टर मिळालं आणि धाकटीनं सामान बांधलं. लॅपटॉप तेवढा मागं ठेवला. "आता तुमी बसा आबांसंगं," म्हणाली. एसटीत चढताना ती रडली. मी नाही रडले. घरी परतताना चाल जरा हलकीच होती, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बागेपुढं बसले. दारातून बघून बघून मला सगळं पाठ झालं होतं. पिंजरे झाडून घेतले, वैरण टाकली, तारा ओढून घेतल्या, लोकांच्या तक्रारी निस्तरल्या. कुठं नाव ठेवायला जागा नाही. आबा आले, त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसले. मी घाईघाईनं हौद पुन्हा एकदा भरून घेतला. बराच वेळ ते बघत राहिले.

"तुला समदं जमतंय," ते म्हणाले. मग अगदी मायेनं, मी आजारी असल्यासारखं म्हणाले, "पर तू खेळत न्हाईस गं पोरी. हितं बी कामच करतीयास."

आबा मला पोरी म्हणाले होते. पण खेळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला खरंच कळेना. आबांना विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. सांगू शकेल अशी घरात एकच बाई होती, आणि ती आसामात जाऊन बसली होती. ती इथं नाही याचा मला त्या दुपारी भयंकर राग आला.